बाबांनी नापास केलेली होडी

खट्… आणि मग पुन्हा, जरा चिरडल्यासारखं, खट्.

बाळ नुकतंच झोपलं होतं. त्याला गादीवर उतरवून, पाठीखालचा हात हळूहळू काढून घेऊन, श्वास रोखत मी स्वयंपाकघरापर्यंत आले होते. घरात इतकी शांतता होती की फ्रिज मध्येच दम खायला थांबला, तेही कळलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून तो आवाज आला. बाळ उठलं नाही. माझा हात मात्र कपाळाला गेला.

व्हिडिओ गेमचं खरं कार्ट्रिज एकदाच वाजतं. खाचेत सरकतं, तळाला टेकतं, खट्, संपलं. नकली कार्ट्रिजचं प्लास्टिक कुठेतरी केसभर जाड असतं. ते अर्ध्यात अडतं, अंगठ्याने रेटावं लागतं, आणि मग दुसऱ्यांदा वाजतं. म्हणजे बाबा बाजारातून आले होते आणि पुन्हा एकदा खोटं घेऊन आले होते. हे मला भिंतीपलीकडून, हातात ओलं पातेलं असताना कळलं. असल्या विद्येचा संसारात काडीचा उपयोग नाही, असं माझा नवरा म्हणतो. खोटं नाही म्हणत.

बाहेर गेले. बाबा खिडकीपाशी, माझा जुना हातातला व्हिडिओ गेम गुडघ्यावर ठेवून बसले होते. दाढी घोटून केलेली, शर्टाला इस्त्री. माझी पाच वर्षांची लेक, मुंगी, त्यांच्या दंडाला चिकटून स्क्रीनमध्ये डोकं खुपसून होती. तिला मुंगी म्हणतात कारण जमिनीवरचं जे काही बारीकसारीक असेल ते ती उचलून घेऊन जाते.

बाबा म्हणाले, ये, बघ, आज अगदी कोरी कॅसेट मिळाली, डाग नाही की ओरखडा नाही. ते कार्ट्रिजला कॅसेटच म्हणतात. त्यांनी ती काढून माझ्या तळहातावर ठेवली, एखादं पाखरू ठेवावं तशी. लेबल ओलं असल्यासारखं चकाकत होतं. लेबलवरच्या होडीचा लाल रंग नारिंगीकडे घसरला होता. मागे स्क्रू होता तो साधा, चार पाकळ्यांचा. खऱ्याला तीन पाकळ्यांचा असतो. मी मागची बाजू पाहिली तशी मुंगीनेही पाहिली. माझ्या मांडीत बसून ती हेच बघत मोठी झाली आहे. तिने तोंड उघडलं.

मी म्हटलं, "मुंगी, आजोबांना पाणी आण."

ती गेली, पण जाताना मला असा एक लुक देऊन गेली की ही बाई मोठी झाल्यावर माझं काही खरं नाही, हे समजलं.

आता हा सगळा ताप कुठून सुरू झाला ते सांगते. जुने हातातले गेम जमवायचा नाद मला लग्नाआधीपासूनचा. फार नाही, एक ड्रॉवर भरेल इतपत. दोन पोरांच्या धबडग्यात बाकीचे सगळे नाद गळून पडले, हा राहिला, कारण याला पाच मिनिटं पुरतात. एक डोळा बाळावर ठेवून दुसऱ्याने भिंगातून स्क्रू बघता येतो. आणि बघावाच लागतो, कारण या धंद्यात खऱ्यापेक्षा खोटंच उदंड. विकणारे लोक फोटो असा काढतात की लेबलवर नेमका प्रकाश पडावा आणि पाठ दिसूच नये. मागची बाजू दाखवा म्हटलं की त्यांच्या फोनची बॅटरी संपते. एकाने तर मला सुनावलं होतं, ताई, घ्यायचं तर घ्या, लग्न जुळवायचंय का. मी रागारागाने फोन आपटला आणि बाळ उठलं. नुकसान माझंच.

पण या सगळ्यात मला मनापासून हवा होता तो एकच खेळ. होडीचा.

त्या खेळात विशेष काही नाही. एक नदी, एक होडी. माणसं, शेळ्या, पेट्या या काठावरून त्या काठावर न्यायच्या. सुरुवातीला होडीला नाव द्यायचं आणि मग ती होडी जन्मभर तुमची. माझ्या लहानपणी तो आमच्या घरात आला माझ्यासाठी, आणि खेळली आई. दुपारी घर सामसूम झालं की म्हणायची, दे गं, पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत आमच्या घरी दूध किती वेळा उतू गेलं असेल! तिच्या होडीचं नाव होतं निवांत. मी चिडवायचे, अगं एवढी पळापळ करतेस आणि नाव निवांत? ती म्हणायची, म्हणूनच. पुढे माझं लग्न झालं, मी तो खेळ मागितलासुद्धा नाही. तो तिचाच होता. जाईपर्यंत ती खेळत होती. होडी खूप लांब गेली होती. एवढ्या लांबच्या नद्या मी कधी पाहिल्याही नव्हत्या.

आई गेल्यावर बाबांनी एका सकाळी कपाट रिकामं केलं. त्यांना उघडं कपाट बघवत नव्हतं. शिवणाच्या सामानाचा पत्र्याचा डबा भंगारवाल्याला गेला, आणि त्या डब्यात, बॉबिनांच्या खाली, तो खेळ होता. मी बऱ्याच दिवसांनी सहज विचारलं, बाबा, आईची होडी कुठे ठेवलीत? त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. मी लगेच म्हटलं, जाऊ दे हो, काय एवढं. पण बोललेला शब्द काही परत गिळता येत नाही.

तोवर बाबा आमच्याकडे राहायला आले होते आणि खुर्चीत बसून होते. बसून होते म्हणजे खरोखरच बसून. पेपर हातात, पान तेच. दाढी आठवड्याची. मुंगी त्यांच्या पायावर गाडी चालवायची तरी पाय हलत नसे. त्या प्रश्नानंतरच्या रविवारी ते उठले, दाढी केली, आणि जुन्या बाजारात जाऊन येतो म्हणाले. दुपारी परतले ते होडीचा खेळ घेऊन. चेहरा असा, की मला आधी तो चेहराच दिसला आणि नंतर तो चार पाकळ्यांचा स्क्रू.

आता तुम्हीच सांगा, त्या क्षणी कोण बोलेल?

मी नाही बोलले. आणि मग अडकले. खोट्या कार्ट्रिजचं आयुष्य ते किती? कधी लवकर मान टाकतं, कधी जरा टिकतं. शिवाय बंद केलं की सगळं विसरतं. मुंगीची होडी रोज नवी. रोज सकाळी ती होडीचं नव्याने बारसं करायची आणि तिला वाटायचं हा खेळ असाच असतो. कार्ट्रिज बंद पडलं की बाबा म्हणत, नाजूक वस्तू आहे, बघतो दुसरी. आणि पुढच्या रविवारी पुन्हा दाढी, इस्त्री, बाजार. मेलेली कार्ट्रिजं मी बिस्किटांच्या डब्यात टाकत गेले. डबा भरत आला.

नवरा म्हणाला, सांगून टाक एकदा. मी म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, मी जावई आहे, मला मान आहे, मी कशाला वाईट होऊ? असा हा मान! मी एकदा आडून सुचवून बघितलं, की बाबा, जरा जुनाट दिसणारं असेल तर बघा ना. ते दुखावलेच. म्हणाले, तुला मी जुनाट माल आणून देऊ? अख्खी नोकरी मी काय करत होतो?

नोकरी त्यांनी औषधांच्या कारखान्यात केली, बाटल्यांच्या लेबलांच्या तपासणीवर. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येत आणि बाबा लेबल बघत. तिरकं, फिकं, चुरगळलेलं, दाब आलेलं असं काही दिसलं की बाटली बाहेर. त्यांच्या हाताखालून वाकडं लेबल कधी गेलं नाही असं कारखान्यात म्हणत, आणि घरीही, कारण ते घरातही तेच करत. आमच्या वह्यांवरची लेबलं त्यांनी किती वेळा सोलून पुन्हा लावायला लावली असतील! अशा माणसाला, ज्याने आयुष्यभर खोट काढली, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू, की तुम्हाला एक माणूस दर रविवारी टोपी घालतोय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि मला पक्कं माहीत होतं, सांगितलं की ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार. या वेळी उठणार नाहीत.

पण तो दुहेरी खट् ऐकला आणि माझी सहनशक्ती संपली. बाबांना नाही, त्या विकणाऱ्याला सांगायचं ठरवलं. पुढच्या रविवारी मी बाळाला पोटाशी बांधलं, मुंगीचं बोट धरलं आणि म्हटलं, चला बाबा, आज आम्हीही येतो. बाबा इतके खूश झाले, की मला आपण कटकारस्थान करतोय असं वाटायला लागलं.

जुना बाजार पुलाखालच्या रस्त्यावर भरतो. दोन्ही बाजूंना ताडपत्र्या, त्यांवर लोकांच्या घरातून गेलेलं सगळं: घड्याळं, पंखे, एक-एकटे बूट, कुणाच्या तरी लग्नाची फ्रेम फोटोसकट. मी मनातल्या मनात वाक्यं घोटत चालले होते. म्हातारा माणूस बघून फसवता, लाज नाही वाटत? मग, तुमच्या घरी वडील नाहीत? मग पुढचं आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

पण बाजारात शिरल्यावर बाबांची चालच बदलली. कॅमेरे विकणारी बाई म्हणाली, साहेब, आज उशीर? घड्याळवाल्याने त्यांना एक डायल दाखवून विचारलं, हे छापलेलं अस्सल वाटतं का. बाबांनी डायल तिरकी धरून मान हलवली आणि तो हिरमुसला. मुंगीला कुणीतरी एक चावी दिली. कशाची, ते देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. आईनंतर बाबांना मी मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. इथे ते दोनदा हसले.

आमचा विकणारा रस्त्याच्या टोकाला होता. त्याला सगळे दुचष्मी म्हणत, कारण एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर. त्याने बाबांना बघताच एक उलटा क्रेट पुसला, त्यावर घडी घातलेलं पोतं ठेवलं, चहा मागवला. ती बाबांची जागा होती, हे उघडच होतं. मग त्याने त्यांच्यापुढे खोकं ठेवलं, कार्ट्रिजनी काठोकाठ भरलेलं, आणि बाबा कामाला लागले.

कामाला लागले, हाच शब्द. चष्मा न लावता. त्यांचा भरवसा अंगठ्यावर. एक उचलायचं, उजेडाकडे तिरकं करायचं, अंगठा लेबलवरून सरकवायचा. अंगठा सरळ गेला की उजवीकडे. कुठे अडला की डावीकडे, आणि डावीकडे टाकताना नाकातून एक छोटा आवाज. मी भांडायला उभी होते, बाळ माझ्या गळ्यातली माळ चघळत होतं, आणि मी बघत राहिले. उजवीकडचा ढीग चकाकत होता. डावीकडे सगळं फिकं, कोपरे उडालेलं, कुणाच्या तरी पोराने पेनने रेघोट्या मारलेलं.

मी वाकून डाव्या ढिगातलं एक उचललं. उलटं केलं. तीन पाकळ्यांचा स्क्रू. दुसरं उचललं. तीन पाकळ्या. तिसरं. मग लेबल उजेडात तिरकं धरलं आणि मला सगळं एकदम दिसलं.

खऱ्या कार्ट्रिजच्या लेबलवर एक आकडा असतो. छापलेला नाही, दाबलेला. कारखान्यातच कागदावर उमटवलेला, इतका पुसट की उजेड तिरका पडला तरच दिसतो. नकली करणारे सगळं छापतात, हा दाब काही देत नाहीत. खऱ्याखोट्याची याहून सोपी खूण नाही. आणि बाबांचा अंगठा नेमका तिथेच अडत होता. लेबलला दाब आलाय म्हणजे माल सदोष, बाटली बाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि तीही इतकी बिनचूक, की संपूर्ण खोक्यात एक संन्यासी सुटला नव्हता.

मी दुचष्मीला बाजूला घेतलं. घोटलेल्या वाक्यांतलं एकही तोंडात येईना. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे ना हे?

त्याने आधी बाळाला हसून दाखवलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, खरं सांगू? मला यातलं काही कळत नाही. पोत्यातून माल येतो, मी खोक्यात भरतो. साहेब नको म्हणतात ते मी वेगळं काढतो, आणि जमवणारे लोक येतात ना, ते अगदी तेच उचलतात. साहेबांचा हात आजवर चुकलेला नाही."

म्हणजे हे असं! माझे वडील दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून या माणसाकडे फुकट तपासणीला येत होते, एका चहावर, आणि वर पगार म्हणून खोटी होडी घरी नेत होते. हसावं की याच्या दोन्ही चष्म्यांवर चहा ओतावा, मला कळेना. मी म्हटलं, आणि त्यांना खोटी विकताना हात कसा वळतो? तर म्हणे, मी काही विकत नाही ताई, ते स्वतः निवडतात. मी खरी पुढे केली तर माझ्यावरच ओरडतात, की असला रद्दी माल कुणाच्या गळ्यात मारतोस. आणि हे मात्र शंभर टक्के खरं असणार. आपलेच दात, आपलेच ओठ.

वळले, तर डाव्या ढिगात वरच पडली होती. होडी. लाल रंग उन्हाने विटून विटेसारखा झालेला, एक कोपरा उडालेला. तिरकी धरली. दाबलेला आकडा. मी ती मुठीत घेतली. किती दिवस शोधत होते, आणि ती दर रविवारी बाबांच्या हातातून जात असेल-नसेल, कोण जाणे.

बाबांनी बघितलंच. म्हणाले, अगं, ते नापास आहे. ठेव ते. तुला मी चांगलं काढून देतो.

मी म्हटलं, असू दे बाबा. मला हेच आवडलं.

ते म्हणाले, आवडण्याचा प्रश्न नाही. दाब आलाय लेबलला. इथे, बघ.

मी बोलायच्या आत मुंगी बोलली. इतके महिने तिच्या तोंडावर मी पाणी, पेला, टॉवेल काय काय ठेवत आले होते. या वेळी माझा हात बाळाखाली अडकला होता.

"आजोबा, तो दाब नाही. तो आकडा आहे. आकडा असला की खरं असतं. आपल्या डब्यातली सगळी खोटी आहेत."

दुचष्मीने एक चष्मा काढून दुसरा लावला, नुसतंच काहीतरी करायचं म्हणून. बाबांनी खिशातून आपला चष्मा काढला, सावकाश पुसला, लावला. माझ्या हातातली होडी घेतली आणि उजेडाकडे धरली. बराच वेळ. मग डाव्या ढिगातलं दुसरं. मग तिसरं. मग उजवीकडचं एक, जे अगदी गुळगुळीत होतं. ते त्यांनी खाली ठेवलं नाही, हातातून सोडून दिलं.

क्रेटवरून उठताना त्यांनी माझा हात घेतला नाही. चहा तसाच राहिला.

घरी येताना ते पुढे निघाले. मी मागून चालत होते आणि मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. ती आजवर कधी वाकलेली दिसली नव्हती. बाळ झोपलं. मुंगी अधूनमधून माझ्याकडे बघून विचारत होती, मी खोटं बोलले का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग?

घरात आल्यावर बाबा सरळ खुर्चीत जाऊन बसले. त्याच खुर्चीत. चप्पलसुद्धा काढली नाही. नवऱ्याने मला खुणेनेच विचारलं, काय झालं? मी खुणेनेच सांगितलं, सगळं. तो लगबगीने बाळाला घेऊन आत गेला. मान असलेला जावई.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, डबा आण.

मी बिस्किटांचा डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. ते एकेक कार्ट्रिज काढत गेले, अंगठा फिरवत गेले, शेजारच्या स्टुलावर मांडत गेले. सगळ्यांवर अंगठा सरळ जात होता. डबा रिकामा झाला तेव्हा त्यांनी आत वाकून बघितलं, एखादं तरी अडकलं असेल म्हणून.

"ही सगळी मी पास केलेली," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि तू पहिल्या दिवसापासून ओळखत होतीस."

मी मान डोलावली.

"मला लहान मूल समजतेस?"

मी म्हटलं, नाही हो बाबा, तुम्ही इतके खूश होऊन यायचात… मला राग आला होता. त्यांचा नाही, दुचष्मीचाही नाही. या घरात कुणालाच काही सरळ सांगता येत नाही, याचा आला होता. कपाट रिकामं करताना त्यांनी मला विचारलं नाही. डबा भरत असताना मी त्यांना सांगितलं नाही. एकमेकांना जपता जपता आम्ही एकमेकांच्या हातात नुसतं खोटं देत होतो.

हे मी मनात बोलले की मोठ्याने, मला आठवत नाही. बहुतेक मोठ्याने, कारण बाबा म्हणाले, "तुझी आई अशीच. मी आणलेली भाजी कधी किडकी निघाली म्हणून तिने सांगितलं नाही. गुपचूप जाऊन दुसरी आणायची. मला शेवटच्या वर्षी कळलं, कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून." त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. "ती भाजीवाली हसत होती सांगताना. म्हणाली, तुमच्या घरच्यांनी तुम्हाला कधी नापास केलं नाही."

मग त्यांनी वाकून चप्पल काढली. एक, मग दुसरी. मला तेवढ्याने इतकं हलकं वाटलं, की मी ती उचलून दाराशी नेऊन ठेवली, जे मी एरवी कधी करत नाही.

ते म्हणाले, त्या बनेलाला पुढच्या रविवारी बघतो. आता मी खरी काढणार आणि त्याच्यासाठी खोटी ठेवणार. म्हणजे पुढचा रविवार होता. मी तोंड फिरवून डोळे पुसले. मग ते म्हणाले, आण ती नापास होडी.

मुंगीने आधीच आणली होती, तिच्या त्या बिनकुलपाच्या चावीसकट. बाबांनी कार्ट्रिजचे सोन्यासारखे पिवळे दात कापसाने पुसले, आणि ते खाचेत सरकवलं.

खट्. एकदाच.

मुंगी म्हणाली, ऐकलंस? मी म्हटलं, ऐकलं. बाबांनी बटण सरकवलं. नदी आली, तीच, अगदी त्याच हिरव्या रंगाची, तेच तीन सूर. बाबांनी तो आवाज किती दुपारी पलंगावर पडल्या पडल्या ऐकला असेल. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

मग मुंगीने नेहमीसारखं नव्या होडीचं नाव टाकायला बटण दाबलं, आणि स्क्रीनवर तिला कधी न दिसलेलं काहीतरी आलं. काठाला एक होडी आधीच उभी होती. तिच्यावर नाव होतं: टोपी. खाली लिहिलेलं होतं की ही होडी बऱ्याच नद्या पार करून आली आहे. नवी होडी हवी असेल तर हिला पुसावं लागेल, पुसू का?

मुंगीने विचारलं, ही कुणाची? मी सांगितलं, हे ज्याच्याकडे आधी होतं त्या कुणाची तरी. हे खरं आहे ना, म्हणून याला लक्षात राहतं.

बंद केलं तरी?

बंद केलं तरी.

आणि पुसलं तर?

तर मग नाही राहत. या खेळात एकाच होडीला जागा आहे.

ती विचारात पडली. तिची करंगळी बटणाच्या वर तशीच उभी. टोपी काठाला हलके हलके डुलत होती, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. मी बाबांकडे बघितलं नाही. तेही माझ्याकडे बघत नव्हते. दोघांनाही कळलं होतं, की मुंगीच्या डोक्यात आता काय येतंय, आणि दोघांपैकी एकालाही ते थांबवता आलं नसतं.

मुंगीने करंगळी मागे घेतली. आधी आजोबांकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "मग आजीची होडी कुणी पुसली असेल?"